घंटागाडीला चार, समितीला तीन, कचरा डेपोला एक

मी एसटी थांब्यासमोर नाश्त्याचं दुकान चालवते. तर्रीपोहे, आलुबोंडे, चहा आणि बुधवारी बाजार असतो म्हणून भजे. ग्रामपंचायतीला घरपट्टीसोबत सामान्य स्वच्छता कर भरतेच, वरून दुकानाच्या कचऱ्याचे महिन्याला 100 रुपये वेगळे देते. घरांना 30 आहेत. पैसे मोजून घेतलेली सेवा आहे, तर तिलाही तारे द्यायला काय हरकत? लोक माझ्या पोह्यांना देतात, तर्री तिखट नाही म्हणून एक कापतात. मग मी पण देणार.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण उद्या याच लोकांना चहा पाजायचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात वणीकडच्या कापूसपट्ट्यातलं साडेतीन हजार वस्तीचं गाव समजा. बचत गटाची म्हणून माझं नाव समितीतही टाकलंय. प्रोसिडिंगवर, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, ती ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 49 खालची ग्रामविकास समिती आहे, गावात सगळे कचरा समिती म्हणतात. त्यामुळे गाडी दारातून पुढं गेल्यावर काय होतं आणि मिटिंगीत काय ठरतं, हे दोन्ही मला माहीत आहे.

आधी गाडी. बॅटरीवरची तीनचाकी, मागं दोन कप्पे, एक हिरवा एक निळा. आवाज मोठा नाही, डिझेलचा धूर नाही, गल्लीत वळते. गाडीवरचा पोरगा गावातलाच आहे आणि माणूस म्हणून सोन्यासारखा. म्हाताऱ्या माणसाचं घर असलं तर खाली उतरून डबा स्वतः घेतो. चार तारे त्याच्यामुळे आहेत, एक कापला तो गाडी बंद पडते तेव्हाचा. चार्जर बिघडला की मेकॅनिक तालुक्याहून येईपर्यंत गाडी ग्रामपंचायतीच्या ओट्याजवळ उभी, आणि तिच्यावर कोंबड्या.

सुरुवातीला ही गाडी सकाळी 10 वाजता फिरायची. साहेब लोकांची ऑफिसची वेळ, तीच गाडीची. आता आमच्याकडं निंदणाला, वेचणीला जाणारी बाई आठच्या आत डबा बांधून निघते. 10 वाजता गावात कोण असतं? कुलुपं आणि म्हातारे. गाडी गाणं वाजवत रिकामी फिरायची आणि संध्याकाळी बाया वावरातून येऊन कचरा नालीत लोटायच्या. यावर समितीत भरपूर चर्चा झाली, त्यात 'जनजागृती' हा शब्द फार आला. नियम असा की ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती सह्या गोळा करून उरकतात, पण आमच्याकडं त्या खेपेला खरंच भरली. एक मजुरी करणारी काकू उठून म्हणाली, "जागृती आम्हाले नको करू जी, गाडीले कर. तिले सकाळी उठव." साडेसहाची वेळ तिथं ठरली. दुकानांसाठी दुपारून एक वेगळी फेरी. त्या एका बदलानं जेवढं काम झालं तेवढं भिंतीवरच्या सगळ्या घोषणांनी मिळून झालं नाही.

समितीला तीन तारे दिले ते अशा गोष्टींसाठी. जिथं तिनं आपल्या गावाकडं बघून नियम केला तिथं तो चालला. जिथं शहराचा नियम उचलून आणला तिथं कागद भरला, नाली तशीच राहिली.

हिरवा डबा, निळा डबा हे त्याचंच उदाहरण. घरटी दोन डबे वाटले, सरपंचांचा फोटो निघाला. ओला कचरा हिरव्यात, सुका निळ्यात. नगरपालिकेत हे बरोबर आहे, तिथं फ्लॅटमध्ये गाय नसते. आमच्याकडं शिळी पोळी बकरीला, आलूची सालं गाईला, राख आणि शेण उकिरड्यावर, उकिरडा उन्हाळ्यात वावरात. ओला कचरा म्हणून गाडीत टाकायला घरात उरतंच काय? माझ्या शेजारी हिरव्या डब्यात गहू आहे आणि निळ्यात ढोरांसाठी तुरीची चुणी. डबा मजबूत आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

2016 साली घनकचऱ्याचे जे मोठे नियम आले त्यांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते, आणि ते मुख्यतः शहरं आणि शहरासारखी झालेली गावं डोळ्यांसमोर ठेवून केलेले. त्याच वर्षीच्या प्लास्टिकच्या नियमांत मात्र ग्रामपंचायतीचं नाव सरळ घेतलंय. म्हणजे साध्या गावाचा खरा प्रश्न पन्नीचा, हे लिहिणाऱ्यांनाही समजलेलं होतं. ग्रामसेवक साहेबांनी मिटिंगीत दोन्ही वाचून दाखवले. ऐकणाऱ्यांत निम्मे मोबाईलवर होते, उरलेले माझ्या चहाची वाट बघत होते.

आमची पन्नी म्हणजे खर्ऱ्याची पन्नी. विदर्भाबाहेरच्यांना सांगते. सुपारी, तंबाखू, चुना घालून पानठेल्यावर जाड प्लास्टिकवर घासतात आणि छोट्या पन्नीत बांधून देतात. दिवसातून दोन-तीन खाणारा माणूस गावात साधा माणूस समजला जातो. ही पन्नी बोटाएवढी असते, भंगारवाला तिला हात लावत नाही, झाडूत ती येत नाही, आणि पावसाळ्यात नालीच्या जाळीवर जाऊन चिकटते. माझ्या दुकानासमोर गुडघाभर पाणी साचतं ते तिच्यामुळं. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे, पण त्याच्या पुड्या नालीतून अजून निघतात. आमच्या नालीला बंदीचं कोणी कळवलेलं दिसत नाही.

यावर ठराव झाला. प्रत्येक पानठेल्यानं डबा ठेवायचा, ठेल्याच्या आजूबाजूचा कचरा त्यानंच उचलायचा, नाही तर 200 रुपये दंड. ठराव उत्तम. पास कसा झाला ते ऐका. पहिल्या सभेला कोरम भरला नाही. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात, आणि वेचणीच्या दिवसांत 100 माणसं रिकामी कुठून आणता? सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नसते, तेव्हा पुढच्या वेळी पारावरच्या मोजक्या मंडळींनी हात वर केले आणि गावाला कायदा मिळाला. मग पहिला दंड कोणाला? रस्त्याच्या कडेला टोपलीत संभार (कोथिंबीर), वांगी विकणाऱ्या एका म्हातारीला, तिच्यामागं पन्न्या पडल्या होत्या म्हणून. तिच्यामागं पानठेला आहे, तो एका सदस्याच्या भाच्याचा. त्याला समज देण्यात आली. मी मिटिंगीत हे बोलले, ते प्रोसिडिंगमध्ये 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच उतरलं. इथं अर्धा तारा गेला. दंडाची वसुली पुढं थंडावली, आणि खरं सांगायचं तर त्या पद्धतीनं होणार असेल तर थंडावलेलीच बरी.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो विषय, फवारणीच्या बाटल्या.

कपाशीला पोळ्याच्या आगेमागे फवारे सुरू होतात ते दिवाळीपर्यंत. प्रत्येक वावरात बाटल्या निघतात, पाकिटं निघतात. त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पडतात, नाल्यात जातात, विहिरीच्या काठावर सापडतात. मोठी कॅन असली तर धुऊन तिच्यात प्यायचं पाणी नेणारे मी पाहिलेत. 2017 च्या फवारणीत आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. आणि त्याच विषाची रिकामी बाटली शाळेच्या भिंतीजवळ पोरं फुटबॉल म्हणून लाथाडतात.

गाडीवाल्या पोरानं बाटल्या घ्यायला साफ नकार दिला. "काकू, पन्नी नेतो, डायपर नेतो, मेलेला उंदीर नेतो. हे नाही नेत. वासानं मले मळमळते." त्याचं बरोबरच होतं. हातमोजे त्याला मिळाले होते ते स्वच्छता पंधरवड्यापुरते.

इथं समितीनं खरं काम केलं. कृषी सहायकाला बोलावलं. त्यानं सांगितलं की कीटकनाशकांचे नियम 1971 पासूनचे आहेत, त्यांत वापरलेली बाटली फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलंय, उघड्यावर टाकायची नाही की कोणी परत वापरेल. आणि फोडण्याआधी तीन वेळा विसळायची, विसळलेलं पाणी पंपातच ओतायचं. म्हणजे औषधही वाया जात नाही. हा शेवटचा मुद्दा लोकांना लगेच पटला. बाटली 800 रुपयांची असेल तर तळातल्या थेंबाचेही पैसे मोजलेले असतात.

मग ठरलं असं. औषधाच्या दुकानासमोर झाकणाचा लोखंडी ड्रम ठेवायचा. शेतकऱ्यानं नवीन बाटली घ्यायला येताना जुनी, विसळलेली, बुडाला भोक पाडलेली आणायची. दुकानदारानं कुरकुर केली, जागा माझी, वास माझ्या डोक्याला. त्याला पटवलं ते एका सदस्यानं, ज्याचा स्वतःचा भाऊ 2017 साली दवाखान्यात पडून होता. ड्रम भरला की गाडीत वेगळ्या चुंगडीत (पोत्यात). गाडीवाल्याला रबरी हातमोजे आणि तोंडावर मास्क, हे वर्षभरासाठी, बिलासकट. पहिल्या हंगामात ड्रम भरला. सगळ्या बाटल्या आल्या असं नाही, धुऱ्यावर अजून दिसतात, पण शाळेजवळ दिसत नाहीत. या एका कामासाठी मी समितीला पाच द्यायला तयार होते.

मग ती चुंगडी गेली कुठं, हे बघायला डेपोवर गेले आणि एक तारा लिहून परत आले.

डेपो म्हणजे गायरानातला स्मशानभूमीच्या रस्त्याचा तुकडा. चार खांब, वर टिनाचं शेड, 'कचरा वर्गीकरण केंद्र' असा रंगवलेला बोर्ड. गाडी दोन कप्प्यांत जे वेगवेगळं आणते ते तिथं एका ढिगात उलटं होतं. ढीग मोठा झाला की कोणीतरी पेटवतं. कोण, हे गावात कोणालाच माहीत नसतं. बाटल्यांच्या चुंगड्या शेडच्या कोपऱ्यात रचलेल्या, एक उंदरांनी फाडलेली, आणि पेटवणारा त्या बाजूनं पेटवत नाही एवढीच काय ती घातक कचऱ्याची व्यवस्था. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड सांगितला. आता तो ग्रामपंचायतीनं ग्रामपंचायतीकडून वसूल करायचा का? मी विचारलं. चहा आला, विषय पुढं गेला.

हे असं का होतं ते पैशाकडं बघितल्यावर कळतं. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये धरले होते. आमच्या गावाला ते साधारण दोन लाख दहा हजार होतात, आणि त्यातले 70 टक्के मिशनचे, 30 टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. हे पैसे एकदाच मिळतात. त्यात शेड होतं, टाक्या होतात, गाडी येते. रोज सकाळी साडेसहाला उठणाऱ्या पोराचा पगार त्यात नाही. डेपोवर बसून कचरा निवडणाऱ्या बाईची मजुरी नाही. ती महिन्याच्या 30 रुपयांतून यायची, आणि निम्मी घरं ते 30 देत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचे होते, त्यातला निम्मा हिस्सा स्वच्छतेचा, पण त्यावर नाल्या आणि शौचालयांची दुरुस्ती आधीच डोळा ठेवून बसलेली असते. बोर्ड रंगवायला पैसे असतात, निवडायला हात नसतात, असा हा हिशोब आहे. या वर्षी समितीनं बजेटवर बोलायला एक वेगळी बैठक मागितली ती मला म्हणून महत्त्वाची वाटते. अजून लागलेली नाही.

निवडलेलं प्लास्टिक जायचं तालुक्याच्या प्लास्टिक प्रक्रिया युनिटला. अशा युनिटसाठी मिशननं तालुक्याला 16 लाखांपर्यंत तरतूद ठेवली होती. तिथं नेणार कोण, डिझेल कोणाचं, यावर गाडी अडलीय. ज्या पन्नीला भंगारवाला विचारत नाही ती सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून वापरता येते, आणि सिमेंटचे कारखाने गडचांदूरकडं आहेत, आमच्याहून फार लांब नाहीत. चार-पाच गावांनी मिळून महिन्याला एक ट्रॅक्टर लावला तर डिझेल वाटून घेता येईल. बाजूच्या गावच्या सरपंचबाईंनाही हे पटलंय. आमच्याकडं उत्तर मिळालं की दुसऱ्या गावाचा कचरा आपल्या ट्रॅक्टरमध्ये कशाला.

डेपोला शून्य न देता एक दिला तो एका टाकीसाठी. नाडेप टाकी. ज्यांच्या नावावरून ती ओळखली जाते ते पांढरीपांडे आपल्याच जिल्ह्यातले, पुसदचे. विटांची, भिंतीत भोकं सोडलेली, साधारण 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर देत भरायची, वरून लिंपायची, तीन-चार महिन्यांत खत. ग्रामपंचायतीनं तीन बांधल्या. दोन टाक्यांत पन्न्या, तुटक्या चपला आणि एका गादीचा कापूस. तिसरी आमच्या गटानं मागून घेतली. माझ्या दुकानाचा चहाचा चोथा, कांद्याची टरफलं, बुधवारच्या बाजारातली कोबीची पानं, गोठ्यांतलं शेण. उन्हाळ्यात पाणी मारायला आळीपाळी लावली. निघालेलं खत एका संत्र्याच्या बागेवाल्यानं सगळं उचललं. त्याच्यात एक काचेचा तुकडा निघाला म्हणून भाव पाडला, पण उचललं. कपाशीवाले म्हणतात पुढच्या खेपेला आम्हाले पण ठेवा.

बाजाराबद्दल थोडक्यात. बाजाराचा लिलाव ग्रामपंचायत करते, ठेकेदार प्रत्येक पालवाल्याकडून पावती फाडतो, आणि गुरुवारी सकाळी बाजाराची जागा साफ करतो ग्रामपंचायतीचा माणूस. समितीनं सांगितलं की पुढच्या लिलावाच्या अटीत सफाई ठेकेदारावर टाका. टाकली. ठेकेदारानं बोली तेवढी कमी लावली. काही का असेना, गुरुवारी जागा साफ असते.

लग्न-भंडाऱ्याचा नियमही चांगला जमला. समाजभवन घ्यायचं तर 1,000 रुपये अनामत, थर्माकोल आणि चकाकी लावलेल्या पत्रावळी दिसल्या तर परत नाही. थर्माकोलची ताटं राज्यात 2018 पासूनच बंद आहेत, हे आचाऱ्यांना अनामत गेल्यावर आठवलं. आता गटाकडं स्टीलची ताटं-वाट्या भाड्यानं मिळतात. एका घरच्या तेरवीला पळसाच्या पानांच्या पत्रावळी आल्या होत्या, म्हाताऱ्या माणसांनी जेवण सोडून पत्रावळीचंच कौतुक केलं. ताटं घासायला बाया लागतात, त्यांची मजुरी भाड्यात धरलीय. घेणाऱ्यांनी त्यावर घासाघीस करू नये.

गाडगेबाबा आपल्या अमरावतीचे, त्यांचा फोटो ग्रामपंचायतीत आहे. 23 फेब्रुवारीला जयंती, 20 डिसेंबरला पुण्यतिथी, दोन्ही दिवशी गावात खराटे बाहेर निघतात, पांढरे कपडे घातलेले लोक झाडतात आणि फोटो निघाला की खराटे आत जातात. डेपोच्या रस्त्यावर मात्र त्या दिवशीही कोणी जात नाही, तिकडं कॅमेरा धुरात काम करत नसावा.

ज्या गावांत ही सेवा नवीन सुरू होतेय त्यांनी गाडी कोणत्या कंपनीची यावर डोकं खपवण्याआधी गाडीची वेळ, पगाराचे पैसे कुठून आणि सुका कचरा कोण उचलणार, ही तीन उत्तरं प्रोसिडिंगवर लिहून घ्या. तोंडी उत्तराला अर्थ नाही, पुढच्या मिटिंगीत ते कोणाला आठवत नाही. डेपोवरच्या बाटल्यांचा विषय मी 26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी लेखी दिलाय आणि पोच घेतलीय. दुकानदार भावांनो, तुम्ही 100 रुपये देत असाल तर छापील नमुना 10 ची पावती घ्या, साध्या वहीच्या पानावर सही करून देतात ती घेऊ नका. माझ्या दुकानात आता ती पावती गल्ल्यावर टोचून ठेवलेली असते, आणि वसुलीला येणारा माणूस ती बघून आधी पावतीपुस्तक काढतो, मग पैसे मागतो.